कुत्रं गेलं, पण नोंद कुठंच नाही!

अकोले : दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. शहरात ज्या दिवशी वसुबारस, त्याच दिवशी कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या वाड्यांमध्ये गुराखी वाघोबाच्या ठाण्यावर जमतात. शेंदूर लावतात, खीर शिजवतात आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून हात जोडतात. काही गावांत पोरं वाघ बनतात, बाकीचे त्यांना शिवेबाहेर हुसकावतात. आता डोंगरात पट्टेरी वाघ नाही, बिबट्या आहे. तो रानातच राहतो असंही नाही, वस्तीच्या पडवीपर्यंत येतो.

या हंगामातला दिवस पहाटेच सुरू होतो. गवतावर दव असतं, भात पिवळं पडलेलं असतं. इळे घेऊन बाया खाचरात उतरतात, गडी भारे वाहतात. सोबत वाडीवरची दोन-चार कुत्री असतातच. बांधावर रानडुकराचा माग दिसला की ती भुंकत सुटतात. दुपारी गुरांमागं माळावर जातात. वाटेत ससा उठला की त्याच्या मागं, भेकर दिसलं की भेकराच्या मागं. संध्याकाळी घरी येऊन शिळी भाकरी खातात आणि अंगणात पडतात. रात्रभराची राखण त्यांच्यावरच.

आणि एखाद्या सकाळी त्यातलं एक नसतं. अंगणात फरफटल्याची खूण, उंबऱ्यापासून दहा पावलांवर रक्ताचे दोन थेंब. घरातलं माणूस म्हणतं, "बिबट्यानं नेलं." दोन दिवस पोरं हळहळतात. मग कुठून तरी दुसरं पिल्लू येतं आणि विषय संपतो.

खरं तर विषय तिथंच सुरू व्हायला हवा.

शेळ्या जास्त, तरी कुत्रीच का?

बिबट्या काय खातो, याचा अभ्यास याच अकोले तालुक्यात झाला आहे. डॉ. विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी शेतशिवारात फिरणाऱ्या बिबट्यांची विष्ठा तपासली. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के, मांजराचा १५ टक्के आणि शेळीचा फक्त ११ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, तरीही.

कारण कुठल्याही वस्तीवर डोळ्यांनी दिसतं. दिवसा शेळीमागं माणूस असतो, रात्री ती गोठ्यात जाते. कुत्रं मात्र रात्रभर मोकळं. ते भुंकून आपण कुठं आहोत ते स्वतःच सांगतं. रानात भेकराच्या मागं दमछाक करण्यापेक्षा बिबट्याला हे सोपं पडतं.

म्हणजे ज्याच्या भरवशावर घर झोपतं, त्याच्याच मागानं बिबट्या दारात येतो. त्या दारात लहान मूलही असतं.

ऊसतोडीचा काळ अवघड

शरदात ही गाठ जास्त पडते. पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं वाढलेलं असतं. खाली प्रवरेच्या काठानं ऊस उभा असतो आणि मादी त्यात पिलं घालते. तोड सुरू झाली की तिचा आडोसा जातो. त्याच फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. कोपीला दार नाही, बाहेर चूल, उघड्यावर पोरं आणि भोवती कुत्री. त्यात दिवस लहान होतो, काम अंधारापर्यंत चालतं. वाकून कापणी करणारं किंवा उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला उभ्या माणसाएवढं मोठं दिसत नाही. धोका तिथं वाढतो.

पिंजरा लावला की संपलं?

कुठंही हल्ला झाला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याचा संताप खराच आहे. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो. पण दिसला की पकड आणि दुसरीकडं सोड, याचा अनुभव शेजारच्या जुन्नरनं घेतला आहे. २००१ ते २००३ या काळात तिथं बिबटे पकडून लांब सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं. खायला कुत्री आहेत तोवर ते येतच राहणार.

शेळीचा पंचनामा, कुत्र्याचं काय?

गाय, बैल, शेळी, मेंढी मेली तर वनविभाग पंचनामा करतो, भरपाई मिळते. त्यासाठी लोक लगेच खबर देतात. कुत्र्याची भरपाई नाही, म्हणून खबरही नाही. म्हणजे बिबट्या सगळ्यात जास्त जे उचलतो, त्याचीच नोंद होत नाही. कोणत्या वस्तीवर, किती वाजता, कोणत्या ओढ्याच्या वाटेनं तो येतो, हे गावाला माहीत असतं. कागदावर मात्र येत नाही. वनविभागाला कळतं ते शेळी गेल्यावर किंवा माणूस गेल्यावर.

ग्रामपंचायतीनं एक साधी वही ठेवली तरी पुष्कळ होईल. तारीख, वस्ती, वेळ, एवढंच लिहायचं. एकाच वस्तीवर महिन्यात तीन कुत्री गेली, तर तिथं दिवा, गस्त आणि गोठ्याला जाळी आधी हवी. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहेच. घाबरून गर्दी करायला नव्हे, वेळेवर कळवायला.

बाकीचं घरचंच काम आहे. कुत्रं रात्री पडवीत नुसतं बांधून ठेवलं, तर ते आयतं सापडतं. त्याला गोठ्यात किंवा घरात कोंडायला हवं. मेलेल्या कोंबड्या आणि उष्टं-खरकटं उघड्यावर टाकलं, की मोकाट कुत्री जमतात, मग त्यांच्या मागं बिबट्या. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. हा मुद्दा ग्रामसभेत किती वेळा निघतो, हे ज्याच्या त्याच्या गावानं आठवून पाहावं.

वाघोबापुढं खीर ठेवणाऱ्या माणसांना हे जनावर कायमचं जाणार नाही, हे कधीचंच ठाऊक आहे. म्हणून तर ती त्याला दरवर्षी शीव दाखवतात. यंदा वाघबारशीच्या रात्री घरी परतल्यावर आधी कुत्रं आत घ्यावं, मग दाराची कडी लावावी.