‘सूट-बूट’च्या टीकेचे अर्धे यश

नवी दिल्ली : एप्रिल २०१५ मध्ये राहुल गांधी यांनी लोकसभेत केंद्र सरकारला ‘सूट-बूट की सरकार’ म्हणून हिणवले. रोख भूसंपादन अध्यादेशावर होता. औद्योगिक मार्गिकांसह पाच प्रकारच्या प्रकल्पांसाठी जमीनमालकांच्या संमतीची अट त्यात वगळली होती. ३१ ऑगस्टला तो अध्यादेश व्यपगत झाला.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी संपत्ती कर रद्द केला. २०१३-१४ मध्ये त्यातून १,००८ कोटी रुपयेच मिळाले होते. त्याऐवजी कोटीहून अधिक उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार आला. साठलेली संपत्ती करमुक्त झाली.

जमिनीच्या प्रश्नामागे शेतकरी संघटना उभ्या होत्या. संपत्ती करामागे असे संघटित बळ नव्हते. धनसत्तेवरील टीका कुठवर पोहोचते, हे त्या बळावरच ठरले.