चष्मे वाटून झाले, पडद्याचं काय?

१४ एप्रिल आला की वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरं भरतात. साखर तपासतात, मोतीबिंदू पाहतात, चष्मे वाटतात. चांगलंच आहे. पण मधुमेह डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पोखरतो, तिकडे सहसा कुणी पाहत नाही.

मोतीबिंदू काढला की पुन्हा दिसू लागतं. पडदा निकामी झाला की गेलेली नजर बहुधा परत येत नाही. सुरुवातीला दुखत नाही, धूसरही दिसत नाही. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता पडदा तपासावा लागतो. फंडस कॅमेऱ्याने त्याचा फोटो काही मिनिटांत निघतो. प्रशिक्षित तंत्रज्ञ तो काढू शकतो, डॉक्टर दुसऱ्या गावी बसून पाहू शकतात. सूज असेल तर ओसीटी तपासणीत पडद्याचे थर दिसतात. मग लेझर किंवा इंजेक्शन वेळेवर देता येतं.

ओसीटीचं तंत्र १९९१ मध्येच जगापुढे आलं. तरीही सफाई कामगाराला, ऊसतोड मजुराला त्यासाठी मजुरी बुडवून शहर गाठावं लागत असेल, तर अडचण विज्ञानाची नाही, व्यवस्थेच्या प्राधान्यक्रमाची आहे.

संविधानाचं कलम ४७ सांगतं की सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. मग उपकार कसले मागायचे? मधुमेहाची गोळी जिथे मिळते, तिथेच वर्षातून एकदा पडद्याचा मोफत फोटो मिळालाच पाहिजे. तरुणांनो, चष्मेवाटपासोबत या मागणीचं निवेदनही तालुक्याला द्या.

जयभीम!