स्थिर प्रणालीचे ऋण

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये साहा अणुभौतिकी संस्था आणि व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर शेजारी-शेजारी उभ्या आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्नमधील ‘अ‍ॅलिस’ प्रयोगात दोन्ही संस्थांचा सहभाग असून, त्या प्रयोगाची विदा हाताळणाऱ्या जागतिक संगणकजालाचे टियर-2 केंद्र येथे चालते. ‘सीएमएस’ प्रयोगासाठी हीच जबाबदारी मुंबईत टीआयएफआर सांभाळते. अशा केंद्रांना संगणकप्रणालीच्या नावीन्यापेक्षा तिचे स्थैर्य मोलाचे असते. कंपायलर किंवा गणिती लायब्ररी बदलली, तरी उत्तरातले शेवटचे दशांश हलू शकतात. मग दिसणारा फरक निसर्गाचा की यंत्राचा, हे शोधण्यात आठवडे जातात.

म्हणूनच स्थिर लिनक्स वापरणाऱ्यांना विकासाधीन सॉफ्टवेअरची भांडारे खुली करावीत का, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. उत्तर होकारार्थीच असावे. परंतु खुले करणे आणि लादणे यांतील भेद सुटता कामा नये.

लादण्याचा अनुभव विज्ञानजगताने घेतला आहे. फर्मीलॅबने 2019 मध्ये आपल्या ‘सायंटिफिक लिनक्स’ची आठवी आवृत्ती न काढता सेंटओएस 8 स्वीकारण्याचे ठरवले. 8 डिसेंबर 2020 रोजी रेड हॅटने जाहीर केले, की सेंटओएस 8 चा आधार 2021 अखेरीस संपेल आणि पुढे ‘सेंटओएस स्ट्रीम’ राहील. स्ट्रीम म्हणजे रेड हॅटच्या व्यावसायिक प्रणालीची पुढची उपआवृत्ती जिथे घडते, ती जागा. 2029 पर्यंतचा भरवसा एका वर्षावर आला. अखेर डिसेंबर 2022 मध्ये सर्न आणि फर्मीलॅबने प्रयोगांसाठी अल्मालिनक्सची शिफारस केली.

खुले करण्याची रीत डेबियनने घालून दिली आहे. तेथे स्थिर आवृत्तीसाठी ‘बॅकपोर्ट्स’ हे वेगळे भांडार असते. पुढील आवृत्तीतील निवडक सॉफ्टवेअर स्थिर प्रणालीवर चालेल असे बांधून त्यात ठेवतात. भांडार जोडले तरी आपोआप काही बदलत नाही. वापरकर्त्याने नाव घेऊन मागितले, तरच ते सॉफ्टवेअर उतरते. याउलट ‘अनस्टेबल’मधील एखादे सॉफ्टवेअर थेट स्थिर प्रणालीवर ओढले, तर ते मूळ सी लायब्ररीचीही नवी आवृत्ती सोबत आणू शकते, आणि तिच्यावर तर सारा डोलारा उभा असतो. शिवाय मागे फिरण्याची वाट डेबियन अधिकृतपणे देत नाही.

तरीही विकासाधीन भांडाराकडे पाठ फिरवणे हिताचे नाही. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियन अनस्टेबलवर दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागताना दिसला. त्या विलंबाचा माग काढताना ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनात हेतुपुरस्सर दडवलेला चोरदरवाजा सापडला. बाधित आवृत्त्या डेबियनच्या स्थिर शाखेत पोहोचल्या नव्हत्या. अनस्टेबल वापरणारा कोणी जागा नसता, तर तो दरवाजा पुढे स्थिर प्रणालीत, आणि कदाचित संशोधनकेंद्रांतही, उघडला असता. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. पण आजचे अनस्टेबल हेच उद्याचे स्थिर असते.

भारतीय प्रयोगशाळा या व्यवस्थेच्या मोठ्या लाभार्थी आहेत. इतरांनी पारखलेले स्थैर्य फुकट घेण्यापलीकडे त्यांनीही काही द्यायला हवे. प्रत्येक मोठ्या केंद्राने मुख्य संगणकजालापासून पूर्ण अलग अशी दोन-तीन यंत्रे विकासाधीन भांडारांवर ठेवावीत. उत्तर आधीच ठाऊक असलेले एखादे विश्लेषण त्यांवर रोज चालवून निकाल ताडावेत आणि आढळलेले दोष मूळ विकासकांना कळवावेत. याला खर्च थोडा; अडचण मान्यतेची आहे. दोष शोधून कळवणाऱ्याचे काम त्याच्या वार्षिक मूल्यमापनात शोधनिबंधाशेजारी नोंदले जात नाही, तोवर हे काम कोणी मनापासून अंगावर घेणार नाही. सॉल्ट लेक आणि मुंबईच्या केंद्रांनी ही नोंद सुरू केली, तर इतर संस्थांना मागे राहणे अवघड होईल.