हौशी असो वा व्यावसायिक, नकाशा एकच

लग्नसराई जवळ आली की आपल्या व्यवसायात एक समजूत पुन्हा डोकं वर काढते: छोटा ड्रोन हौसेसाठी उडवला तर नियम लागू होत नाहीत. ही समजूत साफ चुकीची आहे.

ड्रोन नियम 2021 मध्ये हौशी माणसाला मिळालेली सूट मर्यादित आहे. 250 ग्रॅमच्या वरचा आणि 2 किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन कमाईसाठी उडवायचा नसेल, तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. (250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला ते धंद्यासाठीही लागत नाही.) सूट आहे ती प्रमाणपत्रातून, हवाई हद्दीच्या नियमांतून नव्हे. हवाई हद्दीच्या नकाशावरील हिरव्या झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात तीच मर्यादा 200 फुटांवर येते. 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा झोन लागतो, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल झोनसाठी केंद्र सरकारची. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरवू शकतो. त्यामुळे काल पाहिलेल्या नकाशावर आज विसंबता येत नाही.

हौस आणि धंदा यांतली रेषा पैशावर आखणं आम्हाला अपुरं वाटतं. दीड किलोचा ड्रोन गर्दीवर कोसळला, तर पायलटने मानधन घेतलं होतं की नाही यावर जखम ठरत नाही. अमेरिकेत हौशी पायलटलाही 2021 पासून सुरक्षेची एक छोटी, मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मायक्रो ड्रोन उडवणाऱ्या हौशींसाठी तशी चाचणी मराठीसह भारतीय भाषांत सुरू करावी, अशी आमची मागणी आहे.

पण ती येईपर्यंत आपणही हौसेच्या आडोशाला उभं राहू नये. प्रमाणपत्र नसताना ऑर्डर घ्यायची, ॲडव्हान्स घ्यायचा आणि पोलिसांनी हटकलं की ‘नवरदेव माझा मित्र आहे’ म्हणायचं, याने रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या पायलटचं काम बुडतं. लग्नाचं लॉन पिवळ्या झोनमध्ये येत असेल तर ते ग्राहकाला पहिल्याच बोलण्यात सांगा, परवानगीचा अर्ज आधी करा आणि ती हातात येईपर्यंत ड्रोनचे पैसे घेऊ नका.