हायब्रिड काम आणि पैठणची एसटी: पास परवडतो का?

पैठणला रेल्वे नाही. सुमारे 50 किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात ऑफिस असेल, तर एसटी किंवा स्वतःची गाडी. एसटीच्या मासिक पासचा हिशेब सोपा आहे: 20 दिवसांचं भाडं भरा, 30 दिवस फिरा. पण हायब्रिडमध्ये महिन्याला 10-12 दिवसच जायचं असेल, तर पास तोट्यात जातो. सुटं तिकीट स्वस्त पडतं.

नोकरी पुण्यात असेल, तर खरी मेख ‘दिवस कसे मोजतात’ यात आहे. इन्फोसिसने मार्च 2025 पासून बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्याला किमान 10 दिवस ऑफिस सक्तीचं केलं. असा महिन्याचा हिशेब असला आणि टीमने मान्य केलं, तर दोन आठवडे सलग पुण्यात काढून बाकीचे दिवस पैठणहून काम करता येतं. ‘आठवड्याला तीन दिवस’ म्हटलं, की दर आठवड्याला फेरी, नाहीतर महिनाभराचं पीजीचं भाडं.

म्हणून मी तर म्हणेन, ऑफर आली की पॅकेजसोबत हेही विचारा. आणि एसटीने आता मोबाइलवर 10 फेऱ्यांचा पास द्यावा. नाहीतर हायब्रिडवाले बाईककडेच वळतील.