सुट्टी एक वर्षाची, तयारी तीन वर्षांची

ऑफिसात कुणी ‘सबॅटिकल’ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हिमालय, योगा, फार तर एमबीए. माझ्या डोळ्यासमोर शिडाची होडी येते. वालीवच्या इंडस्ट्रियल गाळ्यात बसून, बाहेर टेम्पोचं रिव्हर्स म्युझिक ऐकत मी अटलांटिकचे नकाशे बघते. हसा, हसा. इथून खाडीपर्यंत जायचं तरी आधी शेअर रिक्षाची रांग लावावी लागते.

पण मामला सिरियस आहे. एक वर्ष बिनपगारी रजा आणि लांब पल्ल्याचं सेलिंग. प्रश्न एवढाच की तयारी कशाला म्हणायचं?

या विषयातला आपला बाप माणूस म्हणजे नौदलातले कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय! प्रवास नऊ महिन्यांचा. पण व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींच्या कल्पनेतल्या या मोहिमेला त्यांनी ‘मी जातो’ म्हटलं ते २००६ मध्ये. म्हणजे नऊ महिन्यांसाठी तीन वर्षांहून जास्त तयारी. आपण गोव्याला जाताना बॅग आदल्या रात्री भरतो, बॉस.

एवढी वर्षं लागली कारण होडीच नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. दांडेकरांनीही अशी होडी आधी कधी बांधली नव्हती. दोंदे तिच्या बांधणीत सुरुवातीपासून होते, आणि खरी तयारी तीच. भर समुद्रात मेकॅनिकला फोन लावता येत नाही. कुठला नट कुठे आणि का बसवलाय, हे ज्याला ठाऊक, तोच होडी घरी आणतो.

हे कळलं तेव्हा वालीवकडे बघायची माझी नजरच बदलली. इथे समुद्र शिकवणारा कुणी नसेल, पण लेथ, वेल्डिंग, मोटर रिवाइंडिंग, डिझेल पंप, सगळे गुरू एका गल्लीत! शनिवारी ऑफिस सुटलं की मी शेजारच्या गाळ्यात जाते. तिथल्या मिस्त्रींचा फंडा सोपा आहे : “मॅडम, पुस्तक नंतर. आधी खोलून बघा.” आता डिझेल इंजिनातली हवा काढणं आणि फिल्टर बदलणं मला जमतं. नखांची वाट लागली, ते सोडा.

आता जमिनीवर येऊ. दोंदे नौदलाचे, होडीही नौदलाची. तुमच्याआमच्याकडे फ्लॅटचा ईएमआय. स्वतःची होडी विसरा. त्यापेक्षा दुसऱ्याच्या होडीवर क्रू म्हणून जायचं, पहारे द्यायचे, स्वयंपाक करायचा, खर्चात वाटा उचलायचा. अटलांटिक ओलांडणाऱ्या कितीतरी होड्या नोव्हेंबरच्या सुमाराला, वादळांचा हंगाम सरला की, कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे निघतात. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल. होडीचा वेग पाच नॉट, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. (संध्याकाळी वसई स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षाचा साधारण तेवढाच!) पण होडी रात्री झोपत नाही. दिवसाला १२० मैल धरले तर तीन आठवड्यांत पलीकडे. पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार लिटर पाणी धरायचं. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या वसई-विरारकराला हे गणित शिकवावं लागत नाही.

आणि निघायची तारीख एचआर नाही, वारा ठरवतो. आपल्या पासपोर्टवर बंदरागणिक व्हिसा बघावा लागतो, तो वेगळा. म्हणून माझी रजा जानेवारीत नाही, ऑक्टोबरमध्ये सुरू होणार. आपल्याकडे पावसाळ्यात शिडं गुंडाळलेली असतात, त्यामुळे शिकायचं ते ऑक्टोबर ते मे. दर रविवारी पहिली लोकल पकडून मुंबई बंदर, छोटी डिंगी, भरपूर खारं पाणी नाकात. बारा महिन्यांचा ईएमआय वेगळ्या खात्यात साठतोय. सातवा हप्ता जमा झाला.

राहिली आई. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिची बीपीची गोळी, बँक, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं माझ्या फोनवर. म्हणून तयारीच्या फाइलीत एक भाग तिचा. मी शिकवते, ती शिकते. परवा तिने स्वतः लाइट बिल भरलं आणि शांतपणे विचारलं, “माझं सगळं बसवलंस गं. तू परत येशील, ते कुठल्या पानावर लिहिलंयस?”

यावर माझ्याकडे एक्सेल शीट नव्हती. मी तिला प्रदक्षिणेचे नियम सांगितले. विषुववृत्त ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. पण जिथून निघालात त्याच बंदरात परत लागलात तरच ती प्रदक्षिणा. दोंद्यांची मुंबईला संपली. २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून गेलेल्या नौदलाच्या सहा जणींची गोव्याला.

“पण तू कुठे सगळी पृथ्वी फिरणारेस?” आई म्हणाली.

“नियम तोच लावू ना.”

ती काही बोलली नाही. रात्री फाइल उघडली तर शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात एक ओळ होती : ‘परतीचं तिकीट आधी काढणे.’ खाली दोनदा अधोरेखित.

मी ते यादीत पहिल्या नंबरावर घेतलंय. डिझेल फिल्टरच्या वर. दुसऱ्या नंबरावर बॉसला सांगणं. ते हे पान वाचत नाहीत, असं मी सध्या धरून चाललेय.