टॅग भरपूर, गिऱ्हाईक एक नाही



मागच्या महिन्यात आपल्या संस्थेच्या पोरांनी युट्यूबवर एक व्हिडिओ टाकला. पहाटे वेदगंगेतनं काढलेली मरळ, कटला, काट्यावरचं वजन, सगळं त्यात नीट दाखवलं होतं. पण मथळा काय दिला? 'बघा केवढी मोठी मासळी!!' आणि टॅग? सुरमई, पापलेट, मालवणी, गोवा बीच, मुंबई फिश मार्केट, वर एका गाजलेल्या सिनेमाचं नाव. आम्ही विचारलं तर म्हणाले, "सेक्रेटरी, टॅग भरपूर मारले की व्हिडिओ पळतंय."

थोडंफार पळालं, नाही असं नाही. लांबलांबच्या लोकांनी बघितलं, "सुरमई कुठाय?" म्हणून विचारलं आणि निघून गेले. दुपारपर्यंत मासळी बर्फात पडून राहिली. शेवटी व्यापाऱ्यानं मागितल्या दरानं द्यावी लागली.

खरी चुटपूट पुढं आहे. चार दिवसांनी हायवेवरचा एक धाबेवाला भेटला. म्हणाला, "त्या दिवशी मला मरळ पाहिजेच होती की हो. मोबाईलवर 'निपाणी मरळ' म्हणून शोधलो, काय सापडलं नाही." आपली मासळी त्याच्या धाब्यापासनं दोन कोसांवर होती. आपल्या मथळ्यात 'निपाणी' नव्हतं, 'मरळ'ही नव्हतं. गोवा मात्र होतं.

म्हणून यावर चार शब्द लिहायचं ठरवलं.

पहिली गोष्ट, टॅग आणि हॅशटॅग एक नव्हेत. युट्यूबवर व्हिडिओ टाकताना टॅगची वेगळी जागा असते. तिथं लिहिलेलं बघणाऱ्याला दिसत नाही आणि सगळे मिळून 500 अक्षरांपर्यंतच मावतात. हॅशटॅग म्हणजे ते चौकटीचं चिन्ह लावून मथळ्यात किंवा माहितीत लिहितो तो शब्द. तो दिसतो, त्यावर बोट लावलं की तसलेच इतर व्हिडिओ उघडतात. त्यात मधे जागा सोडायची नसते. आणि एका व्हिडिओला 60 पेक्षा जास्त हॅशटॅग लावले तर युट्यूब एकही धरत नाही, सगळेच सोडून देतं.

दुसरी गोष्ट युट्यूब स्वतःच सांगतं. व्हिडिओ लोकांपर्यंत पोचण्यात टॅगचा वाटा फार थोडा. मथळा, वरचं चित्र आणि खालची माहिती यांना जास्त किंमत. टॅगचा उपयोग मुख्यतः कुठं, तर ज्या शब्दाचं स्पेलिंग लोक हमखास चुकवतात तिथं. आणि व्हिडिओत नाही ते टॅगमधे लिहून लोकांना फसवणं नियमात बसत नाही. असा व्हिडिओ काढूनही टाकतात. म्हणजे सुरमईचा टॅग लावून मरळ दाखवणं हे नुसतं बिनकामाचं नाही, धोक्याचंही आहे.

आता ते स्पेलिंगचं बघा. ते जणू आपल्या सीमाभागासाठीच सांगितल्यासारखं आहे. आपल्या जिल्ह्याच्या गावाला आपण बेळगाव म्हणतो. 1 नोव्हेंबर 2014 पासनं सरकारी नाव बेळगावी झालं. इंग्रजीत जुनी माणसं अजून बेलगाम लिहितात. निपाणीचं तर इंग्रजीत एक पी की दोन पी, हेच अजून ठरलेलं नाही. दुकानाच्या पाट्या वाचत गेलात तर दोन्ही सापडतील. आणि लिप्या तीन: मराठी, कन्नड, इंग्रजी. कागल-गडहिंग्लजकडचं गिऱ्हाईक 'मासे' म्हणून शोधतं, हुक्केरी-चिकोडीकडचं 'मीनु' म्हणून शोधतं, कॉलेजचं पोरगं इंग्रजीत 'फिश' लिहितं. तिघांनाही आपलीच मासळी पाहिजे.

यावर मागच्या बैठकीत जोरात वाद झाला. कुणी म्हणालं, बेळगावच लिहायचं, दुसरं चालणार नाही. कुणी म्हणालं, सरकारी नाव सोडून दुसरं कशाला? दोन्ही बाजूंची माणसं आपलीच. एका घाटावर जाळं धुणारी. नावाबद्दलची माया आम्हालाही आहे. घरात, मनात, बोलण्यात ज्याचं त्याचं नाव राहू द्या. पण आमचं स्पष्ट मत असं, की टॅग ही गावाची पाटी नव्हे. पाटीवर आपण आपलं म्हणणं लिहितो. टॅगमधे गिऱ्हाईक काय म्हणतं ते लिहायचं. ते बेळगाव म्हणो, बेळगावी म्हणो, एक पी लिहो, दोन पी लिहो, त्याला घाटावरची वाट सापडली पाहिजे. सगळी नावं लिहिली म्हणून कुणाचं नाव पुसलं जात नाही.

माशांच्या नावाचंही तसंच. आपण चिलापी म्हणतो, पुस्तकात तिलापिया. कोण रोहू लिहितं, कोण राहू. दोन्ही द्या. पण जो मासा टोपलीत आहे त्याचीच नावं द्या. नदीच्या मासळीला समुद्राचं नाव लावलं तर एकदा माणूस फसेल, दुसऱ्यांदा येणार नाही. बाजारात आपल्या आयाबाया एवढी वर्षं पाटी घेऊन बसल्या. शिळा मासा ताजा म्हणून विकला नाही, म्हणून गिऱ्हाईक बांधलं गेलं. मोबाईलवर तरी वेगळा नियम कशाला?

काही पोरं म्हणतात, "पण व्ह्यूज कमी होतील." होऊ देत. आपण काय सिनेमा काढालोय? आपला माल सकाळी नदीतनं निघतो आणि दुपारी उतरायला लागतो. मुंबईच्या हजार माणसांनी बघून त्यातला एक किलो खपत नाही. निपाणी, संकेश्वर, कागल इथल्या वीस माणसांनी बघितलं आणि त्यातले पाच घाटावर आले तरी टोपली रिकामी होते. मरळ धरायची तर गवताच्या कडेला, संथ पाण्यात गळ टाकतो, नदीभर टाकत सुटत नाही. इथंही तेच.

तर इथनं पुढं संस्थेच्या व्हिडिओला असं करूया. मथळ्यात पहिल्यांदा मासा आणि गाव: 'ताजी मरळ, निपाणी'. माहितीच्या पहिल्या दोन ओळींत दर, वेळ, जागा आणि संस्थेचा नंबर. हॅशटॅग तीन, फार तर चार. टॅगच्या जागेत गावाची आणि माशाची सगळी नावं, तिन्ही लिप्यांत. कन्नड शब्द आपल्या कन्नड सभासदांकडनं लिहून घ्यायचे, अंदाजानं लिहायचे नाहीत. व्हिडिओ टाकायच्या आधी युट्यूबच्या शोधात 'निपाणी मासे' एवढं लिहून बघा, खाली काय काय सुचवतंय ते दिसतं. आणि पंधरा दिवसांनी चॅनलच्या ॲनालिटिक्समधे बघा, लोक कुठला शब्द लिहून आपल्यापर्यंत आले. तिथं पुरेशी माणसं आली असली की शब्द दिसतात. तेच पुढच्या मथळ्यात घ्यायचे.

शेवटी एकच. त्या पोरांना कुणी बोलू नका. त्यांनी निदान व्हिडिओ काढला, आपण तेवढंही केलं नव्हतं. तो व्हिडिओ आम्ही काढून टाकलेला नाही. मथळा बदललाय, सुरमई-पापलेट पुसलंय, खरी नावं घातलीत. धाबेवाल्याला लिंकही पाठवलीय. त्यानं उत्तर दिलं, "आता सापडलं. पुढच्या वेळी मरळ मिळाली की आधी मला सांगा."

आपला,
सचिव

#निपाणी #बेळगाव #ताजीमरळ